गाडी गेली, नाव राहिले

लातूरच्या आडत बाजारात काय, नांदेडच्या मोंढ्यात काय, सौदा आधी शब्दावर ठरतो आणि चिठ्ठी मागाहून होते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही पत व्यापारी घराण्यांचे भूषण आहे. मात्र जुन्या मोटारगाडीच्या खरेदी-विक्रीत केवळ शब्दाने भागत नाही. तेथे कायदा नोंदणी प्रमाणपत्रावरील नाव पाहतो.

एक नेहमीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. लातूरच्या एका व्यापाऱ्याने सात वर्षे वापरलेली गाडी नांदेडच्या नात्यातील तरुणाला दिली. रक्कम खात्यात जमा झाली. तरुण म्हणाला, "काका, नावाचं दिवाळीनंतर करून घेतो." काकांनीही "घरचीच तर गाडी आहे" म्हणत कोऱ्या अर्जांवर सह्या केल्या. दिवाळी उलटली. तरुणाने गाडी तिसऱ्याला विकली, त्याने चौथ्याला. काकांच्या दारात गाडी नाही, नोंदणीत मात्र नाव त्यांचेच आहे.

अशा वेळी अपघात घडला तर काय? असाच एक वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. मूळ मालकाने २००७ मध्ये विकलेली गाडी अनेक हातांतून फिरली आणि २००९ मध्ये तिच्या धडकेत एकाचा जीव गेला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने भरपाईचे दायित्व नंतरच्या खरेदीदारावर टाकले. सर्वोच्च न्यायालयाने ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या २०१८ च्या निकालात ते फिरवले व नोंदणीत ज्याचे नाव होते त्यालाच जबाबदार धरले. अपघातग्रस्ताने एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे शोध घेत फिरावे, हे न्यायालयास मान्य नव्हते. तात्पर्य, नाव न बदलल्याचा मोठा धोका विकणाऱ्याला असतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५० याविषयी स्पष्ट आहे. गाडी राज्यातच विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नमुना २९ द्वारे परिवहन कार्यालयास कळवावे, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत नमुना ३० चा अर्ज करावा. एमएच २४ ची गाडी नांदेडच्या पत्त्यावर गेली तरी तिचा क्रमांक तोच राहतो. नाव व पत्ता मात्र बदलून घ्यावाच लागतो. कोऱ्या नमुन्यावर सही म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावयास नको.

घेणाऱ्यानेही पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी पडताळाव्यात. प्रमाणपत्रावरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळतात का? कर्जाचा बोजा आहे का? कर्ज फिटले असले तरी बँकेचे पत्र व नमुना ३५ सादर करून तो बोजा नोंदीतून उतरवावा लागतो. थकलेला दंड व कर यांची खात्री ‘वाहन’ संकेतस्थळावर करता येते. विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. अन्यथा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

आपला भाग सीमेवरचा. नांदेडला तेलंगण लागून, लातूरला कर्नाटक. बीदर वा निझामाबादकडील गाडी स्वस्त वाटते, परंतु तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवायची तर येथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. येथील कराचा खर्चही हिशेबात धरावा.

एकत्र कुटुंबात आणखी दोन प्रसंग येतात. वडिलांच्या निधनानंतर गाडी त्यांच्याच नावे चालत राहते. वस्तुतः वारसाने ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ भरावयाचा असतो. तो भरून नाव चढल्यावरच गाडी विकावी. गाडी पेढीच्या नावे असेल तर सही कोणाच्या अधिकाराची, हे घेणाऱ्याने विचारून घ्यावे.

व्यवहार डीलरमार्फत होत असेल तर तो परिवहन खात्याकडे अधिकृत आहे का, हे पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार गाडी ताब्यात घेतल्याची सूचना रीतसर नोंदवल्यावर तिची जबाबदारी अधिकृत डीलरकडे जाते.

वरच्या चित्रातील काकांनी काय करावयास हवे होते? गाडी ताब्यात देताना तारीख व वेळ लिहिलेली पावती, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, पूर्ण भरलेले अर्ज आणि त्याच आठवड्यात कार्यालयाची फेरी, एवढेच. नात्यात हे मागणे संकोचाचे वाटते खरे. पण सख्ख्या भावाचीही उधारी आपण वहीत लिहितोच. त्याने नाते उणावत नाही, उलट टिकते. गाडीच्या किल्ल्यांबरोबर तिचे नावही सोपवावे, म्हणजे व्यवहार खऱ्या अर्थाने पुरा झाला.