सत्तापालट झाला, हक्क कोठे आहेत?

नोव्हेंबर २०२५ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने व्हर्जिनियाचे गव्हर्नरपद रिपब्लिकनांकडून हिसकावून घेतले व न्यू जर्सीचे राखले. लगेच लंबक उलट दिशेने झुकू लागल्याची ग्वाही देणारे पुढे सरसावले. अमेरिकेतील घटक राज्यांच्या निवडणुकांकडे घड्याळजीच्या नजरेने पाहण्याची ही सवय जुनीच आहे. पण एका पक्षाच्या राजवटीत कामगारांच्या हातून जे काढून घेतले गेले, ते दुसऱ्या पक्षाच्या विजयाने परत मिळते काय, हा प्रश्न या लंबकवाद्यांना कधी पडत नाही.

त्यांनी विस्कॉन्सिनकडे पाहावे. हे काही मागासलेले राज्य नव्हे. येथील मिल्वॉकी शहराने डॅनियल होन या समाजवादी महापौराला १९१६ पासून १९४० पर्यंत सतत निवडून दिले. सरकारी नोकरांना सामुदायिक वाटाघाटींचा कायदेशीर हक्क देणारे हे अमेरिकेतील पहिले राज्य, साल १९५९. याच राज्याच्या विद्यापीठात १९२० च्या दशकात शिकत असताना जयप्रकाश नारायण मार्क्सवादाकडे वळले.

२०१० च्या निवडणुकीत येथे गव्हर्नरपदासह विधिमंडळाची दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांकडे गेली. गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी २०११ मध्ये ‘अ‍ॅक्ट १०’ आणला. या कायद्याची कारागिरी पाहण्यासारखी आहे. युनियनवर बंदी नाही. मात्र वाटाघाट फक्त मूळ वेतनावर, आणि तीही महागाई निर्देशांकाच्या मर्यादेत. पगारातून वर्गणी कापणे बंद. दरवर्षी युनियनने मान्यतेसाठी नव्याने मतदान घ्यायचे, आणि बहुमत मोजायचे ते सर्व कर्मचाऱ्यांच्या संख्येवर. म्हणजे जो मतदानाला आला नाही, तो विरोधी! हाच नियम लावला असता, तर खुद्द वॉकर तरी निवडून आले असते काय? पोलीस व अग्निशामक दलाला मात्र या जाचातून वगळले. हजारो लोकांनी राज्याचे विधानभवन व्यापले, गव्हर्नरला परत बोलावण्यासाठी नऊ लाखांहून अधिक सह्या जमल्या, तरीही जून २०१२ च्या त्या निवडणुकीत वॉकर तरले. राज्यातील युनियन सदस्यांचे प्रमाण २०१० मध्ये कामगारांच्या १४ टक्के होते; २०१६ पर्यंत ते ८ टक्क्यांच्या घरात आले.

त्याच वर्षी, २०११ मध्ये, मतदारसंघांचा नकाशाही फिरवला गेला. २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे टोनी एव्हर्स गव्हर्नर झाले. कनिष्ठ सभागृहासाठीही त्या पक्षाला सुमारे ५३ टक्के मते पडली. ९९ पैकी ६३ जागा मात्र रिपब्लिकनांना! काही जागा एकतर्फी लढल्या गेल्या होत्या, हे मान्य करूनही एवढी तफावत नकाशाशिवाय उलगडत नाही. शिवाय एव्हर्स शपथ घेण्यापूर्वीच जुन्या विधिमंडळाने गव्हर्नरचे अधिकार छाटून ठेवले.

म्हणून डेमोक्रॅटिक पक्ष कामगारांचा तारणहार ठरतो काय? मुळीच नाही. २००९ व २०१० ही दोन वर्षे येथील सर्व सत्ता त्याच्याच हाती होती. डिसेंबर २०१० मध्ये, वॉकर दारात उभे असताना, कर्मचाऱ्यांचे करार मंजूर करण्याची अखेरची संधी आली. ती वरिष्ठ सभागृहात त्याच पक्षाच्या दोन सदस्यांनी विरोधी मत देऊन दवडली. पक्षाला कामगारांची मते हवी असतात, त्यांच्या युनियनचे ओझे नको असते. मिशिगनमध्ये थोडे वेगळे घडले, हे नमूद केले पाहिजे. २०२२ मध्ये संपूर्ण सत्ता मिळताच तेथील डेमोक्रॅटांनी युनियनांची आर्थिक नाकेबंदी करणारा २०१२ चा कायदा २०२३ मध्ये रद्द केला. पुढच्याच निवडणुकीत, २०२४ मध्ये, कनिष्ठ सभागृह त्यांच्या हातून गेले. कायदा रद्द झाला तो झालाच.

विस्कॉन्सिनमध्ये तेवढेही झालेले नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये जुना नकाशा मोडीत काढला. २०२४ ची निवडणूक नव्या नकाशावर झाली, आणि रिपब्लिकनांचे बहुमत ५४ विरुद्ध ४५ वर आले, गेले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एका न्यायाधीशाने ‘अ‍ॅक्ट १०’ ची बहुतेक कलमे घटनाबाह्य ठरवली, तर अपील होताच त्या निकालाची अंमलबजावणी थांबली. आता साऱ्यांचे डोळे न्यायालयाकडे. तेथील न्यायाधीशही निवडणुकीनेच येतात. आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी १० कोटी डॉलरच्या आसपास पैसा ओतला गेला. एलॉन मस्क एका बाजूला होते, तर इलिनॉयचे अब्जाधीश गव्हर्नर प्रिट्झकर दुसऱ्या. मस्क यांचा उमेदवार पडला, याचा आनंद अवश्य मानावा. पण आपल्या वाटाघाटीच्या हक्काचा लिलाव दोन धनिकांमध्ये लागलेला पाहणारी तेथील शाळामास्तरीण १५ वर्षांपूर्वी या पंक्तीत प्रेक्षक नव्हती, पक्षकार होती.