मोबाइलबंदीने वाचन येईल?



मोबाइलवरच्या खेळांनी मुलांचे इंग्रजी वाचन बिघडते, हे पत्र वाचले. चित्राखालच्या पर्यायावर बोट ठेवले की तारे उधळणाऱ्या खेळांबद्दलची तक्रार रास्तच आहे. तिथे मूल चित्र ओळखते, शब्द वाचत नाही. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजणे पटले नाही.

गूगलने २०१९ मध्ये ‘बोलो’ नावाने आणलेले ‘रीड अलाँग’ हे अ‍ॅप पाहा. त्यात मुलाला मोठ्याने वाचावेच लागते. अडले की पडद्यावरची मदतनीस दिया शब्द उच्चारून दाखवते. गोष्टी आधी उतरवून घेतल्या तर इंटरनेटही लागत नाही. करंजा, मोरा इथल्या कोळीवाड्यांत आईवडील मराठी शाळेत शिकलेले असतील, तर संध्याकाळी मुलाचे इंग्रजी वाचन ऐकणार कोण?

कार्टूनचेही तसेच. आवाज इंग्रजी आणि खालची अक्षरेही इंग्रजीच ठेवावीत. संशोधक ब्रिज कोठारी १९९६ पासून हेच तत्त्व चित्रपटगीतांसाठी मांडत आले आहेत. अर्थात, अक्षरओळखच नसलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही. तिथे फळा आणि बाईच हव्यात.

परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकालाच मोबाइलवर उघडणारे क्यूआर कोड जोडले. पुस्तक हातातून गेले नाही. २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, त्यात या कामाचाही वाटा होता.

पत्रलेखकांनी सुचवलेल्या सरसकट बंदीची झळ शिकवणी परवडणाऱ्या घरांना लागणार नाही. ती लागेल ती बाकीच्यांना.

– एक पालक, उरण