‘भाकड’ कोणास म्हणावे?

जनावरांच्या वयाची व अवस्थेची नावे मराठीत जितक्या बारकाईने घेतली जातात, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाची घेतली जात असतील. गाईच्या पिलांत पाडा व पाडी, पुढे गोऱ्हा, खोंड व कालवड; म्हशीच्या पोटी रेडकू व पारडी, पुढे वगार. दातांवरून दोनदाती, चारदाती, जुळलेला. विण्यावरून पहिलारू, दुसऱ्या वेताची, तिसऱ्या वेताची. एका शब्दात जनावराची सारी हकीकत सांगणारी ही भाषा पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून घडलेली आहे. परंतु एका ठिकाणी मात्र हा काटेकोरपणा सुटलेला दिसतो. दूध न देणाऱ्या प्रत्येक गाईम्हशीस आपण सरसकट ‘भाकड’ म्हणतो. हा केवळ शब्दाचा प्रश्न नसून त्यात गोपालकाचे मोठे नुकसान आहे.

एकाच दावणीला बांधलेल्या तीन गाईंचा विचार करू. पहिली आठ महिन्यांची गाभण असून तिचे दूध आटविलेले आहे. दुसरीचे दूध आटले, पण ती अद्याप गाभण राहिलेली नाही. तिसरी वयोमानाने किंवा गर्भाशयाच्या दोषामुळे पुन्हा विणार नाही. तिघीही भाकडच म्हटल्या जातात, आणि नाव एक पडले की वागणूकही एकच मिळते: आंबोण बंद, पेंड बंद, पुढ्यात नुसता कडबा.

पहिल्या गाईवर हा अन्याय सर्वांत मोठा होय. गाईचा गर्भकाळ सुमारे 280 दिवसांचा, म्हशीचा सुमारे 310 दिवसांचा असतो. त्यांपैकी शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाची सर्वाधिक वाढ होते. विण्यापूर्वी सुमारे 60 दिवस दूध आटवावयाचे ते कासेस विसावा मिळून ती पुढील वेतासाठी सिद्ध व्हावी म्हणून. ह्या काळात गाय दूध देत नसली तरी रिकामी बसलेली नसते. ती पुढच्या वेताचे भांडवल साठवीत असते. तिला नेहमीच्या वैरणीखेरीज दररोज एक ते दीड किलो खुराक, हिरवा चारा व क्षारमिश्रण मिळावयास हवे. तिची उपासमार झाली तर वासरू अशक्त निपजते, चीक निकस होतो, दूध कमी भरते आणि व्याल्यानंतर माजावर येण्यासही विलंब लागतो. वाचविलेल्या पेंडीचे मोल पुढे कित्येक पटींनी फेडावे लागते.

दुसऱ्या गाईस आंबोणापेक्षा लक्ष अधिक हवे. गाभण नसलेली निरोगी गाय साधारणतः दर 21 दिवसांनी माजावर येते, आणि तो माज जेमतेम 12 ते 18 तास टिकतो. म्हशीचा माज, विशेषतः उन्हाळ्यात, मुका असतो. पाहणाराच नसेल तर तो निघून जातो. म्हणून सकाळ-संध्याकाळ जनावर न्याहाळावे. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी, सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावे. गाय वारंवार उलटत असेल तर पशुवैद्यकास दाखवावे. भरविल्यावर तीन महिन्यांच्या आत गर्भतपासणी करून घ्यावी. तपासणीच्या अभावी, उपचाराने बरी होऊ शकणारी गायही भाकड म्हणून पडत्या भावाने विकली जाते.

तिसरीस ‘वांझ’ हा स्पष्ट शब्द आपणांजवळ आहे. परंतु तोही तपासणी झाल्याखेरीज उच्चारू नये.

ह्या गोंधळात विस्तारकार्य करणाऱ्यांचाही दोष आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आमच्या पत्रकांतून ‘भाकड काळ’ हा शब्द कधी विण्यापूर्वीच्या विसाव्यासाठी, तर कधी दोन वेतांमधील वाया गेलेल्या दिवसांसाठी योजला जातो. पहिला काळ आवश्यक, दुसरा टाळावयाचा; दोहोंस एकच नाव दिल्यावर वाचणाऱ्याने काय समजावे? त्याऐवजी ‘शुष्क काळ’ लिहिल्यानेही काही साधत नाही, कारण गोठ्यात तो शब्द कोणी बोलत नाही. ‘मुरघास’ हा शब्द रुजला, तो त्याचा अर्थ त्याच्या पोटातच असल्यामुळे: मुरविलेला घास. तशीच सोय येथेही आहे. गाभण गाईस ‘आटविलेली’ म्हणावे, गाभण नसलेलीस ‘रिकामी’ म्हणावे, आणि ‘भाकड’ हा शब्द वाया जाणाऱ्या दिवसांपुरताच ठेवावा.

शब्द बदलल्याने दूध वाढत नाही, हे खरे. पण शब्द नेमका असला की हात योग्य ठिकाणी वळतो. गोठ्याच्या भिंतीवर प्रत्येक जनावराची विल्याची, भरविल्याची व आटविल्याची तारीख खडूने लिहून ठेवावी. मग कोणती गाय विसावा घेत आहे आणि कोणती खरोखर भाकड जात आहे, हे विचारावयास दुसऱ्याकडे जाण्याची गरज उरणार नाही.