माया, दीड इंच

मागच्या अंकात आम्ही बर्फ उपसण्याचं रडगाणं गायलं होतं. या वेळी एक कबुली द्यायची आहे. आम्ही शिवतो. सुई-दोरा, कात्री, खडू घेऊन चक्क कपडे शिवतो. मंडळात आम्ही 'माइक बिघडला की बोलावायचा इंजिनियर' म्हणून प्रसिद्ध आहोत. पण गणेशोत्सवात मखरामागे लागतो तो पडदाही आमच्याच हातचा आहे, हे सौ.खेरीज कुणाला ठाऊक नाही. ती आजवर गप्प राहिली, यातच काय ते आलं.

आमचं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही जेमतेम दोन वर्षांचे होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर असा कधी मिटलाच नाही. वडिलांना पुन्हा कामावर घेतलं नाही. मग आईने हप्त्यावर उषाचं पायमशीन घेतलं आणि घर त्या मशीनवर चाललं. ब्लाउज, परकर-पोलकी, साड्यांना फॉल-बिडिंग. शाळेतून आलो की हुक लावणं, काजं करणं, हातशिलाई घालणं ही कामं आमच्याकडे असत. क्रिकेट त्यानंतर, उजेड उरला तर. चाळीतली पोरं आम्हाला 'टेलरमास्तर' म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला 'माया' म्हणतात. हा शब्द ज्याने कुणी ठेवला त्याला आमचा नमस्कार. इतर शिंपी कापड वाचवायला अर्धा इंच माया ठेवत. आई दीड इंच ठेवायची. "पोरगी वाढणार, बाई सुटणार, कपडा तोच राहायला हवा," असं तिचं म्हणणं. त्यामुळे तिचंच गिऱ्हाईक कमी व्हायचं, हे वडिलांनी दहादा सांगून पाहिलं.

पुढे माटुंग्याला इंजिनियरिंग केलं आणि २००२ मध्ये एम.एस.साठी मिशिगनला आलो. इथे आल्यावर शिवण आम्ही लपवली. रूममेट्सच्या पँट्स आखूड करून द्यायचो, पण 'गावात एक म्हातारी बाई आहे, तिच्याकडून करून आणतो' अशी थाप मारायचो. एकाने त्या बाईला नाताळचं ग्रीटिंग कार्ड पाठवलं, तेही आम्हीच ठेवून घेतलं. आज हसू येतं. तेव्हा मात्र खरंच लाज वाटायची. आणि ती शिवणीची नव्हती, चाळीची होती, एवढं कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

२०१९ मध्ये आई गेली. येताना आम्ही दोनच गोष्टी आणल्या. एक म्हणजे मशीनचं डोकं. पायाचा सांगाडा तिथेच राहिला. इथे त्याला हाताचं चाक बसवलं, त्यामुळे ११० व्होल्टचीही कटकट नाही. दुसरी म्हणजे तिची निळी सुती इरकल, लाल पदराची. ती साडी कपाटात होती आणि तिच्याकडे बघायचंही नाही, असा आमचा अलिखित नियम होता.

गेल्या वर्षी कन्येने तो मोडला. ती सोळा वर्षांची. शाळेत कचऱ्यावर प्रोजेक्ट होतं. इथल्या पर्यावरण खात्याच्या आकड्यांप्रमाणे २०१८ या एका वर्षात अमेरिकेत १ कोटी १३ लाख टन कापड जमिनीत पुरलं गेलं. तिने आपलं कपाट मोजलं, आमचंही मोजलं (सौ.चं मोजायची हिंमत दोघांनाही झाली नाही) आणि जाहीर केलं, "बाबा, मी वर्षभर नवीन काही घेणार नाही. पण मला एक असा ड्रेस बनवून दे, जो दहा वेळा घातला तरी दहा वेगळे वाटतील. आजीच्या साडीचा."

"कापायची?" सौ. ओरडलीच. आम्ही गप्प.

आधी जुन्या बेडशीटवर प्रयोग केला. विकतचा पॅटर्न आणला, गळा, बाह्या, कळ्या सगळं रीतसर बेतलं. ड्रेस छान झाला. पण खाली चिंध्यांचा ढीग बघून आमच्यातला इंजिनियर जागा झाला. आमचं पोटापाण्याचं काम पत्र्याचे भाग बेतण्याचं. एका पत्र्यात भाग असे बसवायचे की भंगार कमीत कमी निघावं. कपड्यांच्या धंद्यात बेततानाच साधारण १५ टक्के कापड वाया जातं, असा अंदाज सांगतात. पत्र्यात आम्ही असं केलं असतं तर साहेबाने घरी बसवलं असतं! जपानी लोक किमोनोचे सगळे तुकडे सरळ रेषेतच कापतात. काही वाया जात नाही, आणि धुवायला सगळ्या शिवणी उसवून पुन्हा जोडताही येतात. आणि आपली साडी? तिला तर कात्रीच लागत नाही.

मग दांड आठवला. लुगडं मध्ये विरलं की आई विरलेला भाग काढून दोन चांगले तुकडे जोडायची. दुकानांत हल्ली 'सस्टेनेबल' म्हणून दोनशे डॉलरची गोधडी लटकवतात, तशी आई काही पृथ्वीसाठी दांड घालत नव्हती. पैसे नव्हते म्हणून घालायची, आणि तो दिसू नये म्हणून निऱ्यांत लपवायची. पण जोडता येतं, तर तोडायला भ्यायचं कशाला?

म्हणून ठरलं, काप एकच. इरकलीत अंगाचे उभे धागे वेगळे, पदराचे वेगळे. मागावरच ते एकमेकांत गुंतवून जोडलेले असतात. त्या जोडाला हात लावायचा नाही. पदराच्या बाजूचं अडीच मीटर ओढणीला, उरलेलं तीन मीटर चुण्या घालून एका पट्टीवर. पट्टी आणि बंद आईच्या बोचक्यातल्या खणांच्या तुकड्यांचे. कमरेला गुंडाळलं की परकर, टी-शर्टवर काखेखाली बांधलं की फ्रॉक, खांद्यावर बटण लावलं की थंडीतली झूल. चुण्या मोठ्या धावदोऱ्याच्या, ओढला की सुटतील. उद्या वाटलं तर दांड घालून पुन्हा साडी.

तरी कात्री हातात घेऊन आम्ही रात्री साडेअकरापर्यंत बेसमेंटमध्ये बसून होतो. शेवटी सौ. खाली आली, काही न बोलता साडीचं दुसरं टोक ताठ धरलं आणि म्हणाली, "सरळ कापा. मी धरलंय."

दिवाळीच्या कार्यक्रमात कन्या एकदा फ्रॉक आणि जेवणानंतर परकर करून मिरवली. एका काकूंनी जवळ येऊन विचारलं, "अगं, आजीची साडी कापलीस?" तिने कड उलटून आतली माया दाखवली आणि म्हणाली, "काकू, इट्स ओन्ली वन कट." काकूंनी बोट लावून माया मोजली. त्या नाशिकला शिवणाचे क्लास घ्यायच्या, हे आम्हाला वीस वर्षांत कळलं नव्हतं!

आता त्या काकू दर दुसऱ्या रविवारी आमच्या बेसमेंटमध्ये येतात. कुणाला यायचं असेल तर जरूर या. येताना एक जुनी चादर आणा. साडी पहिल्याच दिवशी आणू नका. चहा आमच्याकडे. कात्र्या मात्र आपापल्या आणा, कारण आमच्या कात्रीने कुणी कागद कापला तर ते आम्हाला अजूनही चालत नाही.