टायरची साइज कोण ठरवणार : आपण, की दुकानातला पोरगा?



इथे लोक वाड्यांच्या, गणेशोत्सवाच्या, आजीच्या पुरणपोळीच्या आठवणी लिहितात. मी आज टायरवर लिहून राहिलोय. आणि भांडायला लिहून राहिलोय, हे आधीच सांगून टाकतो.

दिवाळीच्या आधी माझ्या भाच्याने आमच्या जुन्या आयकॉनचा फोटो इथे टाकला होता, आठवत असेल. काळ्या रिम्स, जाडजूड टायर, गाडी दोन बोटं वर उचललेली. खाली "कडक", "एक नंबर भिया", "आजोबा असते तर खूश झाले असते" असा नुसता पाऊस. त्यात माझे शाळेतले दोस्त होते. मेकॅनिकल इंजिनिअर होते, पिथमपूरला तीस-तीस वर्षं कारखान्यात काढलेले. एकानेही विचारलं नाही, की बाळा, साइज कोणती टाकलीस?

आता त्या गाडीचं सांगतो. फोर्ड आयकॉन 1.6, आमच्या घरी 2002 ला आली. बाबा बँकेतून निवृत्त झाले आणि त्या पैशातून ही घेतली. त्याआधी धुळ्याला आत्याकडे जायचं म्हणजे एस.टी., मांडीवर डबा आणि खिडकीसाठी भांडण. परफॉर्मन्स कार म्हणतो म्हणून हसू नका. 1.6 लिटरचं पेट्रोल इंजिन, 92 च्या आसपास हॉर्सपॉवर, वजन जेमतेम एक टन. त्या काळात ए.बी. रोडवर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मागे बसलेली आई "अहो हळू" म्हणायची आणि बाबा आरशात बघून हसायचे. "जोश मशीन" ही जाहिरात ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल.

बाबांची एक डायरी होती. तिच्यात पहिल्याच पानावर लिहिलेलं: टायर 175/65 आर 14, लोड 82. खाली हवेचे आकडे, पुढचे-मागचे, एकटं असताना आणि भरून असताना. बाबा काही मोटारींचे जाणकार नव्हते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर होतं ते त्यांनी उतरवून घेतलं होतं, बस. बँकेचा माणूस, जे छापलंय ते वाचायची सवय.

बाबा गेल्यावर गाडी माझ्याकडे होती, मग भाच्याने मागितली. पोरगा गाड्यांचा वेडा, हात साफ आहे त्याचा. म्हटलं, घे बाबा, माझ्या हातून ती गॅरेजात सडेल. त्याने इंजिन माउंट बदलले, शॉकअॅब्झॉर्बर बदलले, फोर्डने इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केल्यानंतरही कुठून कुठून सामान जमवलं. इथपर्यंत मी त्याच्या पाया पडायला तयार आहे.

मग टायर आले.

"मामा, स्टॉक टायरवर गाडी अगदी म्हातारी दिसते ना. रोडवर प्रेझेन्स पाहिजे." दुकानदाराने त्याला 15 इंची आठ भोकांच्या रिम्स दाखवल्या. आठ भोकं का, तर चार 100 च्या पीसीडीची आणि चार 108 च्या, म्हणजे एकच रिम अर्ध्या बाजाराला खपवता येते. आयकॉनची पीसीडी 108 आहे, तेव्हा भोकं जुळली आणि पोरगा खूश झाला. मधलं भोक मोठं होतं. आपल्या हबला 63.4 मिमी लागतं, मध्ये रिंग घालावी लागते. ती घातलीच नाही, नटांवरच चाक पेललं. 85 च्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं ते त्याचमुळे. दुकानात मात्र दोनदा बॅलन्सिंगचे पैसे घेतले. आणि त्या रिम्सवर चढवले 195/65 आर 15. एका मोठ्या सेडानचे उतरवलेले, "नव्यासारखे". मी विचारलं तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला, "भिया, इत्ता तो चलता है."

किती चालतं, ते बघू या. यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही, लग्नपत्रिकेच्या पाठीवर होतं. 175/65 आर 14 म्हणजे टायर 175 मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 14 इंच. बाजू सुमारे 114 मिमी, ती दोनदा घ्यायची, वर नि खाली, आणि 14 इंचाचे 355.6 मिमी मिळवायचे. पूर्ण चाक 583 मिमी. आता भाच्याचं: 195 चे 65 टक्के म्हणजे 127 च्या जवळपास, दोनदा, अधिक 15 इंचाचे 381. एकूण 634. जवळजवळ नऊ टक्के मोठं चाक!

या नऊ टक्क्यांत काय काय आलं ते ऐका. स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 87 ला धावते. ओडोमीटरही कमी मोजतो, म्हणून "मामा, मायलेज पडलं" ही तक्रार अर्धी खोटीच होती. हजार किलोमीटर चालली की काटा 919 सांगणार. सगळे गिअर लांबले, म्हणजे ज्या पिकअपसाठी ही गाडी ठेवलीय तोच मेला. आणि ब्रेक. ब्रेकची चकती तीच, पेडलवरचा पाय तोच, पण चाकाची त्रिज्या वाढली की रस्त्यावर पोचणारा जोर तेवढ्याच प्रमाणात घटतो. वर रिम आणि टायर जड. म्हणजे प्रेझेन्ससाठी गाडी पळायला आळशी केली आणि थांबायला त्याहून आळशी. यालाच आपण खाली "कडक" लिहिलं, मंडळी.

उरली जागा. चाकाच्या वर एक इंच कमी झाली, बाजूला दोन्हीकडे दहा-दहा मिमी कमी, आणि रिमचा ऑफसेट वेगळा असल्यामुळे बाहेर किती आलं ते कुणी मोजलंच नाही. अंगणात रिकाम्या गाडीला काही होत नव्हतं. फोटो पण रिकाम्याच गाडीचा होता.

डिसेंबरात आत्याच्या नातीचं लग्न निघालं, धुळ्याला. गाडीत पाच जण, डिकीत आहेराच्या साड्या आणि दोन किलो सेव. भाचा चालवत होता, मी शेजारी. मागे ताई, वहिनी आणि मोठी आत्या, वय 78. खलघाटला नर्मदा ओलांडल्यावर खड्डा आला की मागून "घर्र" आवाज यायला लागला. भाचा म्हणाला, रस्ता खराब आहे. जुलवानियानंतर जळक्या रबराचा वास. सेंधव्याला थांबलो चहाला, मी वाकून पाहिलं. मागच्या डाव्या टायरचा खांदा चाकाच्या कमानीच्या पत्र्याने कापत कापत आतले दोरे दिसायला लागले होते.

सेंधव्याच्या पुढे काय येतं, ते ए.बी. रोडने गेलेल्या माणसाला सांगायला नको. बिजासन घाट. उताराला मागून भरलेले ट्रक असतात आणि त्यांच्या ब्रेकवर आपला विश्वास नसतो. आणखी वीस मिनिटं आम्ही चहाला थांबलो नसतो, तर तो टायर त्या उतारावर, आत्या ज्या बाजूला बसली होती त्याच बाजूला फुटला असता. मी हे नाटक म्हणून लिहीत नाहीये. मला अजून रात्री तो वास येतो.

मग स्टेपनी काढली. ती बाबांच्या साइजची, 175/65 आर 14. बसवली. उजवीकडचं चाक तरी घासतच होतं, म्हणून वजन कमी करायला वहिनी आणि आत्या सेंधव्याहून बसने आल्या. 78 व्या वर्षी, आहेराची पिशवी मांडीवर घेऊन. गाडी घेण्याच्या आधी जायची तशीच.

आता ज्यांना वाटून राहिलं असेल की काका नव्या पोरांना झोडपून राहिलेत, त्यांच्यासाठी. ती स्टेपनी बसवताना तिच्यावरचे शेवटचे चार आकडे मी वाचले: 2211. म्हणजे 2011 चा बाविसावा आठवडा. तेरा वर्षांचं रबर, बाजूला बारीक भेगांची जाळी. ती कुणी बदलली नव्हती? मी. आणि हे पहिलंच नव्हे. गाडी माझ्याकडे असताना कंपनीच्याच साइजचे टायर मी नऊ वर्षं चालवले, कारण वर्षाला तीन हजार किलोमीटर होत होतं आणि "नक्षी आहे की अजून". कायद्याला 1.6 मिमी लागते, माझी चार होती. जूनच्या पहिल्या पावसात मानपूरच्या वळणावर मागचा भाग असा सुटला की गाडी इंदूरकडे तोंड करून उभी राहिली. समोरून कुणी नव्हतं, हे माझं नशीब. त्यात माझं कौशल्य शून्य. रबर कडक झालं होतं, दगडासारखं. साइज बरोबर होती, टायर मेलेला होता. हे मी तेव्हा घरी सांगितलं नव्हतं. आज सांगतोय.

म्हणून आपल्या पिढीची ती "कंपनीने दिलं तेच टाका, बाकी काही बघू नका" ही बढाईही मला नको. आपण साइज जपतो आणि टायरचं वय विचारत नाही. पोरं वय विचारत नाहीत आणि साइजही फेकून देतात. दोन्हीकडे दुकानदार हसतो.

आता मुद्द्याचं. माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या वेगवान गाडीची साइज बदलायला हरकत नाही, पण गोल मोजून बदला. 175/65 आर 14 च्या जागी 185/60 आर 14 टाकला तर चाक 577.6 मिमी होतं, एक टक्क्यानेही फरक नाही. लोड इंडेक्स तोच 82, म्हणजे चाकामागे 475 किलो. याला पाच ते साडेसहा इंच रुंदीची रिम चालते, मूळ रिम त्यात बसते. 15 इंचाचाच हौसमौज असेल तर 195/50 आर 15 : 576 मिमी, सव्वा टक्का कमी. पण बाजू 98 मिमीवर येते, आणि आपल्या खड्ड्यांत ती रिम किती महिने गोल राहील, ते बघा. मी स्वतः दीड-दोन टक्क्यांच्या पुढे कधी जाणार नाही.

एका मित्राने उलटा शहाणपणा केलाय, 195/45 आर 15. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसते, झकास दिसते. तिचा लोड इंडेक्स 78, म्हणजे 425 किलो. प्रत्येक चाकामागे पन्नास किलो कमी, आणि हे महाशय उज्जैनला सासू-सासऱ्यांना घेऊन जातात. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "रिव्ह्यू चांगले होते."

आणि रुंदीचं जे भूत आहे ना, तेही उतरवा डोक्यातून. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे दुकानातलं अर्धं सत्य आहे. टायर रस्त्याला किती टेकतो ते मुख्यतः वजन आणि हवा ठरवतात; रुंदीने त्या ठशाचा आकार बदलतो, आडवा होतो. कोरड्या वळणावर त्याचा फायदा होतो, मान्य. पण साचलेल्या पाण्यात तोच आडवा ठसा लवकर तरंगतो. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. पकड हवी तर रबर चांगलं घ्या. 14 इंचात बाजारात दिसतात ते बरेचसे टायर छोट्या गाड्यांसाठी, मायलेज आणि आयुष्य डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले. त्यातून ओल्यात धरणारा टायर शोधायला चार दुकानं फिरावं लागतं, ऑर्डर देऊन आठवडाभर थांबावं लागतं. कंटाळा आपल्याला याचा येतो, आणि मग आपण म्हणतो, 14 इंचात काही मिळतच नाही हो.

गंमत बघा. आपल्या पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे, 11.3 किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक, 2021 मध्ये सुरू झाला तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने फॉरवर्ड केला होता. देशभरातून गाड्या तपासायला इथे येतात. आणि त्याच्या शेजारी राहणारे आपण, "इत्ता तो चलता है" वर आपल्या आत्याला घाटात नेतो.

ज्या मंडळींनी त्या फोटोखाली "कडक" लिहिलं, त्यांच्यावर मी रागावलोय, हे खरं. विशेषतः ज्यांना हे गणित येतं त्यांच्यावर. पोराला हुरूप द्या, जरूर द्या. पण पुढच्या वेळी आधी साइज विचारा, चार आकडे विचारा, मग अंगठा दाखवा. कुणी म्हणेल, काकांना आवडत नाही म्हणून रडून राहिलेत. म्हणू दे.

भाचा लग्नानंतर दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बाबांची डायरी मागायला आला. आता मूळ रिम्स घासून रंगवल्यात, 185/60 आर 14 चे पाच टायर घेतले, पाच, स्टेपनी धरून. सगळ्यांचे आकडे त्याने दुकानात उभं राहून स्वतः वाचले. दोन टायर दीड वर्ष जुने निघाले ते परत केले. दुकानदार कुरकुरला.

काल संध्याकाळी अंगणात ताई, वहिनी, मी आणि शेजारचे दोघं असे पाच जण गाडीत बसलो, डिकीत गव्हाची दोन पोती टाकली, आणि भाच्याने मागच्या चाकाच्या कमानीत हात घातला. तीन बोटं गेली. आत्याला फोन लावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, पण मी बसनेच येईन."