पडद्यावरचा रोखपाल

वर्षाकाठी चार-पाच चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकाचे मत कोणी आवर्जून विचारत नाही. छायाचित्रण, संकलन, पटकथेची बांधणी या विषयांत त्याचा अधिकार नसतो आणि तसा त्याचा दावाही नसतो. सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह तो चित्रपटगृहात जातो, नाहीतर रात्रीचे जेवण आटोपल्यावर घरच्या टीव्हीसमोर बसतो. चित्रपट संपल्यावर तो दोनच गोष्टी सांगू शकतो. वेळ चांगला गेला की नाही, आणि उठताना मनात काय उरले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिकीट खिडकीवरच्या गर्दीतून मिळते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ज्याचे त्याने शोधायचे असते.

बँकेचे खातेदार आणि बँकेतील कर्मचारी बहुतांशी याच वर्गातले. गेल्या काही वर्षांतील लोकप्रिय चित्रपटांनी या मंडळींना विचार करण्यास एक खास निमित्त दिले आहे. या चित्रपटांत दिसणारा पैसा त्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तो शाखेच्या खिडकीवरचा आहे, कर्जाच्या हप्त्यातला आहे, आजीने साठवलेल्या पेन्शनचा आहे आणि पहिल्या कष्टाच्या कमाईचाही आहे. हा पैसा हाताळणाऱ्या माणसांपैकी चित्रपट कोणाला नायक ठरवतो, हे पाहणे उद्बोधक आहे.

३१ ऑक्टोबर २०२४ रोजी, ऐन दिवाळीत, ‘लकी भास्कर’ प्रदर्शित झाला. वेंकी अटलुरी यांनी दिग्दर्शित केलेला हा मूळ तेलुगू चित्रपट हिंदीसह इतर भाषांतही आला आणि नंतर घरोघरी पोहोचला. त्याचा नायक आहे एका काल्पनिक बँकेतला रोखपाल. काळ १९८९ ते १९९२ आणि शहर मुंबई. तुटपुंजा पगार, डोक्यावर देणी, नातेवाईकांच्या समारंभात पत्नीच्या वाट्याला येणारा अपमान आणि हक्काच्या बढतीने दिलेली हुलकावणी, अशा कोंडीत सापडलेला हा भास्कर दुल्कर सलमान यांनी फार समजून उभा केला आहे. एके दिवशी तो सुट्टीपुरती तिजोरीतली रोकड बाहेर नेतो आणि शाखा उघडण्यापूर्वी ती जागच्या जागी आणून ठेवतो. मधल्या काळात त्या पैशावर त्याने कमाई केलेली असते. पुढे हाच मार्ग त्याला रोखे बाजारातल्या मोठ्या गैरव्यवहारापर्यंत नेतो.

चित्रपट रंजक आहे, यात शंका नाही. अडीच तास प्रेक्षक खुर्चीला खिळून राहतो. भास्करविषयी सहानुभूती वाटते, तीही खरीच. ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर हात आखडता घ्यावा लागला, त्या घरातल्या प्रत्येकाला त्याची तगमग कळते. संपत्तीबरोबर येणारा उर्मटपणा आणि त्यामुळे घरात होणारी घुसमटही दिग्दर्शकाने लपवलेली नाही. तरीही शेवटी भास्कर सर्वांना चकवून कमावलेल्या संपत्तीसह निसटतो, आणि त्या क्षणी चित्रपटगृहात टाळ्या पडतात. अधूनमधून चित्रपट पाहणारा साधा प्रेक्षक इथेच अडखळतो. त्या टाळ्यांत आपलाही हात होता, हे त्याला घरी परतताना आठवते.

बँकेत नोकरी केलेल्या प्रेक्षकाची हरकत आधी तपशिलाची असते. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या व्यक्तींच्या हाती असतात, रोज संध्याकाळी रोकड मोजून ताळमेळ घातला जातो, न सांगता तपासणी होते. या साऱ्यातून नोटांची बंडले इतक्या सहजी बाहेर जात नाहीत, हे तो शेजारच्या खुर्चीतल्या मुलाला दबक्या आवाजात सांगतो. ही हरकत फार ताणण्यात अर्थ नाही. चित्रपटाला एवढी मोकळीक द्यावीच लागते. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. भास्कर जे मिळवतो ते कोणाचे होते, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही.

१९९२ च्या खऱ्या प्रकरणात त्या प्रश्नाला उत्तर होते. सरकारी रोख्यांच्या व्यवहारांत प्रत्यक्ष रोख्यांऐवजी ‘बँक पावती’ देण्याची पद्धत होती. रोखे नंतर हाती पडतील, एवढाच त्या कागदाचा अर्थ. त्यांतल्या काही पावत्यांमागे रोखे नव्हतेच. त्यांच्या आधारे बँकांतला पैसा शेअर बाजारात पोहोचला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने अडकलेल्या रकमेचा आकडा चार हजार कोटी रुपयांच्या पुढे नेला. अशा पावत्या देणाऱ्यांत बँक ऑफ कराड होती. १९९२ मध्ये ती अवसायनात गेली आणि पुढे बँक ऑफ इंडियात विलीन झाली. त्या काळी ठेवींवरील विम्याचे संरक्षण प्रत्येक ठेवीदारामागे अवघे ३० हजार रुपये होते. १९९३ मध्ये ते एक लाखावर गेले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाखांवर. कऱ्हाडच्या बाजारपेठेतला दुकानदार किंवा ऊसाच्या बिलाचे पैसे मुदत ठेवीत ठेवणारा शेतकरी यांच्यासाठी तो कागदी घोटाळा कागदावर राहिला नव्हता. पडद्यावर ही माणसे दिसत नाहीत. ती दिसली असती, तर टाळ्या इतक्या मोकळेपणाने पडल्या असत्या का?

याच प्रकरणावरची ‘स्कॅम १९९२’ ही २०२० मधील मालिका या बाबतीत अधिक प्रामाणिक होती, कारण तिच्यात घोटाळा उघडकीस आणणाऱ्या पत्रकार सुचेता दलाल यांनाही स्थान होते. प्रेक्षकांच्या ओठांवर मात्र दलालाचेच संवाद राहिले. खलनायकाची ऐट लक्षात राहते आणि पुरावे जमवणाऱ्याची चिकाटी विसरली जाते, याचा दोष केवळ दिग्दर्शकाच्या माथी मारता येणार नाही. त्यातला काही वाटा प्रेक्षकाचाही आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘जवान’ची गोष्ट थोडी निराळी. ॲटली दिग्दर्शित आणि शाहरुख खान यांची दुहेरी भूमिका असलेल्या या चित्रपटात थकलेल्या ट्रॅक्टर-कर्जापायी एका शेतकऱ्याचा चारचौघांत अपमान होतो आणि तो जीव देतो. आलिशान मोटारीला स्वस्त कर्ज आणि ट्रॅक्टरला महाग, हे कसे, असा रोकडा सवाल नायक करतो. हा सवाल बँकेतल्या माणसाला बोचतो आणि बोचायलाही हवा. व्याजाचा दर ठरवताना तारण, परतफेडीची खात्री, जोखीम यांचा विचार होतो हे खरे. परंतु हे उत्तर शेतकऱ्याच्या दारात उभे राहून देणे किती अवघड आहे, हे ग्रामीण शाखेत काम केलेल्या अधिकाऱ्याला कोणी सांगायला नको. चित्रपट उत्तरादाखल रेल्वेगाडीचे अपहरण घडवतो आणि एका रात्रीत कर्जे फिटतात. प्रत्यक्षातला मार्ग असा थरारक नसतो. कर्ज थकल्यास पुनर्रचनेसाठी वेळीच शाखेत जाणे हाच खातेदाराचा पहिला उपाय. वसुलीसाठी नेमलेल्या प्रतिनिधींनी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला दूरध्वनी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले. ही सूचना एकाही संवादात येण्याजोगी नाही, पण अपमानाने खचलेल्या माणसाला तिचा आधार मोठा आहे.

मग सचोटीने वागणारा माणूस पडद्यावर चालतच नाही, असे म्हणायचे काय? तसे म्हणणाऱ्याला ‘ट्वेल्थ फेल’ने परस्पर उत्तर दिले. विधू विनोद चोप्रा यांचा हा चित्रपट ऑक्टोबर २०२३ मध्ये फारसा गाजावाजा न होता आला आणि एकाने दुसऱ्याला सांगून चालला. महाराष्ट्रात सेवा बजावलेले पोलीस अधिकारी मनोजकुमार शर्मा यांच्या जीवनावर तो आधारलेला आहे. चंबळ खोऱ्यातल्या शाळेत शिक्षकच कॉपी पुरवतात. एक प्रामाणिक अधिकारी ती बंद पाडतो आणि मनोज बारावीत नापास होतो. त्या नापास होण्यातूनच त्याचे आयुष्य सरळ मार्गाला लागते. शहराकडे निघालेल्या नातवाच्या हाती आजी पेन्शनमधून साठवलेले पैसे ठेवते आणि प्रवासात ते चोरीला जातात, हा प्रसंग पाहताना ज्याला हुंदका आला नाही असा प्रेक्षक विरळा. एका म्हातारीची ती साठवण पडद्यावरच्या कोट्यवधी रुपयांपेक्षा मोठी वाटते, कारण तिच्यामागे किती महिने आणि किती मोडलेल्या इच्छा आहेत, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. २०२३ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार विक्रांत मेस्सी यांना ‘ट्वेल्थ फेल’साठी आणि शाहरुख खान यांना ‘जवान’साठी विभागून मिळाला. परीक्षकांनी दोन्ही प्रकारच्या नायकांना एका ओळीत बसवले, हा योगायोग बोलका आहे.

मार्च २०२४ मधला किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ही याच वाटेवरचा. नवऱ्याशी चुकामूक झालेली नववधू फूल एका रेल्वे स्थानकावर येऊन पडते. तिथे चहाचा ठेला चालवणारी मंजू माई तिला आसरा देते, कामाला लावते आणि कामाचे पैसे तिच्या हातात ठेवते. आयुष्यात प्रथमच स्वतःच्या कमाईच्या नोटा हाती आलेल्या त्या मुलीचा चेहरा पाहण्यासारखा आहे. मंजू माईची भूमिका छाया कदम या मराठी अभिनेत्रीने केली आहे. १ मे २०२४ रोजी आलेल्या परेश मोकाशी यांच्या ‘नाच गं घुमा’ मध्ये तर नोकरदार राणीचे घर ज्यांच्या जिवावर चालते त्या आशाताईच कथेच्या मध्यावर आहेत. घरकामाचे मोल काय, हा प्रश्न हसत हसत विचारून तो चित्रपट बऱ्याच घरांतल्या संभाषणाचा विषय झाला.

यावर एक आक्षेप संभवतो. मनोरंजनाला नीतिपाठाच्या तराजूत कशाला तोलावे? प्रेक्षक काही कुक्कुल बाळ नव्हे. ‘लकी भास्कर’ पाहून कोणी तिजोरीत हात घालत नाही, जसा रहस्यपट पाहून कोणी खून करत नाही. हा आक्षेप रास्त आहे. चित्रपटाने केवळ सज्जनांच्याच कथा सांगाव्यात असा आग्रह धरला, तर तो आधी कंटाळवाणा होईल आणि मग खोटा. प्रश्न गुन्हेगार नायक असण्याचा नाही. त्याच्या यशाची किंमत मोजणारा माणूस कथेतून पुसला जाण्याचा आहे. जमाखर्चाची एकच बाजू दाखवणारा हिशेब शाखेत कोणी मान्य करणार नाही. मग चित्रपटगृहात तो तपासायला काय हरकत आहे?

रोखपालाच्या आयुष्यात नाट्य नसते, हाही एक गैरसमज आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून बाद झाल्या. १० तारखेला बँका उघडल्या, तेव्हा दारापासून रस्त्यापर्यंत रांगा होत्या. नंतरचे शनिवार-रविवारही शाखा चालू राहिल्या. २०२० मधल्या अनुराग कश्यप यांच्या ‘चोक्ड’ने त्या दिवसांतली मुंबईतली एक महिला रोखपाल नायिका म्हणून निवडली आणि सैयामी खेर यांनी खिडकीमागचा थकवा नेमका टिपला. पण तिथेही कथेचे इंजिन स्वयंपाकघराच्या तुंबलेल्या मोरीतून वर येणाऱ्या नोटांच्या पुड्याच ठरल्या. खिडकीवर मोजल्या गेलेल्या नोटांपेक्षा मोरीतल्या नोटांचे आकर्षण जास्त, हे पुन्हा एकदा सिद्ध झाले.

खऱ्या शाखेत संध्याकाळी रोकड जुळत नाही, तेव्हा काय होते? बाकीचे दिवे मालवले जातात, एका खिडकीवरचा दिवा जळत राहतो. बंडले पुन्हा सोडवली जातात, पावत्या पुन्हा तपासल्या जातात. तूट निघालीच, तर ती रोखपालाला आपल्या खिशातून भरावी लागते. कधी जादा रक्कम निघते. मग दिवसभरातल्या व्यवहारांवरून खातेदाराचा शोध लागतो आणि आपली चूक ठाऊकही नसलेल्या माणसाला दूरध्वनी जातो. त्या खिडकीवर त्या क्षणी मोह असतो, भीती असते, घरी वाट पाहणारी माणसे असतात. भास्करच्या कथेत आहे ते सारे तिथेही असते. फरक इतकाच की रक्कम पोहोचते ती जिची आहे तिच्या खात्यात, आणि टाळी वाजवायला शाखेत कोणी उरलेले नसते.