पाहुणे की खातेदार?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं एका दिवसासाठी नाशिकला गेलो होतो. मी, बायको, अकरा वर्षांची लेक आणि आई. आईचं माहेर पंचवटीतलं. माहेरचा वाडा केव्हाच पडला, मामा लोक गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये गेले, त्यामुळे आता नाशिकला जायचं म्हणजे हॉटेलात उतरायचं. आईला ते अजून पचत नाही. "स्वतःच्या गावात पैसे देऊन झोपायचं म्हणजे काय?" हे ती प्रत्येक वेळी म्हणते.

निघताना नेहमीप्रमाणे मी यादी केली होती. सकाळी पांडवलेणी, मग मिसळ, सरकारवाडा, दुपारी घाट, नारोशंकराचं देऊळ, संध्याकाळी काळाराम. आईची यादी एका ओळीची होती. डिकीत एक पितळी पातेलं ठेवलं होतं, त्याला कल्हई करून आणायची. पुण्यात कल्हईवाला मिळेना, आणि मिळाला तरी "नाशिकच्या तांबटाची सर नाही" हे ठरलेलंच. माझ्या मते हे पातेलं म्हणजे सहलीतली अडचण होती. संध्याकाळपर्यंत माझं मत बदललं. कसं बदललं तेच सांगतो.

पांडवलेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही, हे बहुतेकांना आता माहीत असतं. त्रिरश्मी डोंगरातली ही २४ लेणी बौद्ध भिक्खूंची. सुरुवातीची दोन हजार वर्षांपूर्वीची. पायऱ्या चढताना आई दोनदा बसली, लेक चारदा पुढे जाऊन परत आली. सगळे लोक तिसऱ्या लेण्याशी फोटो काढतात, आम्हीही काढले. तिथे गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी केवढा पराक्रमी होता हे एका आईने भिंतीवर कोरून ठेवलंय. आमच्या मातोश्रींना हे फार आवडलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कोरण्यासारखं काही केलंस तर मीही कोरीन." :)

पण मला मुद्दाम दाखवायचं होतं दहावं लेणं. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने ते खोदवलं आणि भिंतीवर चक्क एक बँकेचं खातं लिहून ठेवलं. गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघटनांकडे, त्याने ३००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. त्यातले २००० दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० च्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. अशा ठेवीला शब्द आहे 'अक्षयनीवी'.

लेकीला म्हटलं, हिशेब कर. तिने बोटांवर केला. दोन हजारावर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा! "बाबा, हिशेब जुळतो!" असं ती इतक्या मोठ्याने ओरडली की बाजूचा एक ग्रुप दचकला. मग आजीला म्हणाली, "आजी, वर्षाला बारा टक्के! तुझ्या एफडीपेक्षा जास्त." आजी त्या भिंतीकडे नव्याने बघायला लागली.

आणि हे एकट्या राजाच्या जावयाचं काम नाही. नंतरच्या काळात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या वेळी, विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी अशाच ठेवी ठेवल्या. त्यातली एक तेल्यांच्या श्रेणीकडे आहे, एक पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे. विचार करा, राजे बदलत होते, सातवाहन आणि क्षत्रप एकमेकांच्या उरावर बसत होते, आणि लोक 'कायमची' ठेव ठेवत होते ती विणकर आणि तेल्यांकडे. राज्य राहील की नाही सांगता येत नाही, पण बाजार राहील, एवढा भरवसा होता. गंगापूरच्या वाटेवर गोवर्धन नावाचं गाव आजही आहे.

मिसळ खाऊन गावात आलो. सरकारवाडा बाहेरून बघितला, कारण तोवर आईचा धीर संपला होता. गाडी लांब लावून पातेलं पिशवीत घालून आम्ही भांडी बाजारात शिरलो. माझ्या हातात पातेलं आणि पुढे तरातरा चालणारी आई, जिला सकाळी पायऱ्यांवर गुडघ्यांनी दोनदा बसवलं होतं!

पहिल्याच दुकानदाराने पातेलं हातात घेऊन तोललं, उलटं केलं आणि म्हणाला, "मावशी, मोडीत घाला. वजन चांगलं आहे. घट धरून भाव देतो, वर स्टीलचा सेट घेऊन जा." आई म्हणाली, "मोडीत घालायचं असतं तर पुण्याहून आणलं असतं का?" त्यावर तो हसला आणि मागच्या गल्लीत एक कारागीर अजून बसतो म्हणून पत्ता सांगितला.

तो कारागीर म्हणजे सत्तरीचे एक गृहस्थ. आईने आधी घासाघीस केली, मग दोघांच्या ओळखी निघाल्या, मग पुन्हा घासाघीस. त्यांनी भट्टी फुलवली, पातेलं तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर झाला. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवली आणि काळंमिचकूट आतलं अंग आरशासारखं झालं. लेक डोळे विस्फारून बघत होती. तिने आजवर पाहिलेल्या कुठल्याही म्युझियममध्ये ती एवढा वेळ उभी राहिलेली मला आठवत नाही.

पुसताना त्यांनी पातेल्याच्या काठावर बोट ठेवलं. "हे नाव कुणाचं?" ठोक्यांनी कोरलेलं नाव आईच्या आजोबांचं आणि पुढे 'शके १८५२'. लेकीला शके म्हणजे काय ते सांगितलं. तिने ७८ मिळवले. १९३०.

तिथून घाटावर उतरलो. त्या दिवशी बुधवार होता. नाशिकला अजूनही लोक गोदावरीला गंगाच म्हणतात आणि बुधवारी गंगेच्या काठी आठवडे बाजार भरतो. मेथीच्या जुड्या, विळे, दोरखंड, मसाले, आणि मधूनच 'गंगास्नानाला' आलेल्या यात्रेकरूंचे घोळके. बायकोने विळी घेतली. दुतोंड्या मारुती दाखवला, पूर आला की नाशिककर पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं ते मोजतात. नारोशंकराच्या देवळावरची घंटा दाखवली, जी वसईच्या विजयाची खूण म्हणून इथे आली. आईने शाळेतल्या गोष्टी सांगितल्या. छान चाललं होतं सगळं.

संध्याकाळी काळारामाला गेलो. ओढेकरांनी बांधलेलं काळ्या दगडाचं ते देऊळ खरंच देखणं आहे. दर्शन झालं. दारात आल्यावर मी लेकीला सांगितलं, कारण ते सांगायचं मी आधीच ठरवलं होतं, की २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे सत्याग्रह सुरू केला. अस्पृश्य मानलेल्या लोकांना आत यायला बंदी होती. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते आणि हजारो माणसं, बायकासुद्धा, या दारांशी आली, आणि आतल्यांनी दारं लावून घेतली. ९ एप्रिलला रथयात्रेच्या वेळी झटापट झाली, दगडफेक झाली. पाच वर्षं लढा चालला, तरी दार उघडलं नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही.

मला वाटलं, झालं, एक चांगला बाप म्हणून आपलं कर्तव्य संपलं. लेक थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली,

"१९३० म्हणजे आपल्या पातेल्याचं वर्ष. मग तुझे आजोबा तेव्हा इथेच राहायचे ना, आजी? ते दाराच्या आत होते की बाहेर?"

मी पटकन "चला, उशीर होतोय" म्हणालो. खोटं कशाला सांगू, म्हणालोच. पण आई थांबली.

"बाहेर कसे असतील?" ती म्हणाली. "आतच असणार. दार लावणाऱ्यांत होते की नाही, मला माहीत नाही. पण उघडा म्हणणाऱ्यांत नव्हते, एवढं नक्की. आमच्या घरात विषय निघाला की 'त्या वर्षी रथाला विघ्न आलं' एवढंच म्हणायचे. मीही लहानपणी तेच समजत होते. विघ्न."

एवढं बोलून ती गाडीकडे चालायला लागली. माझी आई ७३ वर्षांची आहे. हे वाक्य तिने मला, तिच्या मुलाला, कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं ना! मला सत्याग्रहाची तारीख माहीत होती. आपलं घर त्या तारखेला कुठे उभं होतं, हा प्रश्न मात्र पडला नव्हता.

तर मुद्दा असा. आपण जुन्या शहरात जातो ते पाहुणे म्हणून. यादीतली ठिकाणं बघायची, फोटो काढायचे, गाईडने सांगितलेलं ऐकायचं. पाहुण्याला सगळं छान छान दाखवतात आणि पाहुणाही खोलीत डोकावत नाही. मला वाटतं मुलांना घेऊन जायचं तर खातेदार म्हणून जायला हवं. म्हणजे जमा आणि नावे, दोन्ही बाजू बघायच्या.

जमेची बाजू म्हणजे बाजार. जुनं शहर जुनं राहतं ते दगडांमुळे नाही, तिथे अजून कुणीतरी काहीतरी दुरुस्त करून देतं, विकतं, तोलतं म्हणून. गोदेकाठच्या काझीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा वस्तीचे थरावर थर निघाले. सगळ्यात वरचा थर म्हणजे आजची माणसं. तो थर उठवून खालचे सजवायचे, याला मी वारसा जपणं म्हणत नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते रुंद करा, घाट सजवा ही भाषा ऐकू येते. गर्दीचा प्रश्न खोटा नाही. २७ ऑगस्ट २००३ ला याच गावात, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. त्यामुळे 'गल्ल्या आहेत तशाच ठेवा' असं गुळगुळीत बोलायचा मला अधिकार नाही. सुरक्षेसाठी जे हलवावं लागेल ते हलवावंच. पण माणसं वाचवण्यासाठी जागा मोकळी करणं वेगळं आणि फोटो चांगला यावा म्हणून बुधवारचा बाजार 'ओंगळ' ठरवणं वेगळं. एकाच फायलीत दोन्ही मंजूर होतात, म्हणून हा फरक आपण बोलून दाखवायला हवा. आणि बोलण्यापेक्षाही सोपं म्हणजे तिथे जाऊन गरजेची वस्तू विकत घ्यावी. शोभेची नव्हे, गरजेची. ज्या बाजारात गावातली बाई विळी घ्यायला येते तो बाजार. जिथे फक्त पाहुणेच येतात तो देखावा.

नावेची बाजू अवघड आहे. "मुलं लहान आहेत, त्यांना कशाला?" असं म्हणणारे भेटतील. माझा अनुभव उलटा आहे. मुलीला त्रास झाला नाही, मला झाला. तिला फक्त हिशेब जुळवायचा होता, सकाळी लेण्यात जुळवला तसाच. मुलं पूर्वजांचा न्यायनिवाडा करायला बसत नाहीत. आपण लपवतोय हे मात्र त्यांना लगेच कळतं. आणि खापरपणजोबांचं पातेलं अभिमानाने कल्हई करून घरी आणायचं असेल, तर त्यांचं दारही सोबत आणावं लागेल. वारशातलं मुद्दल आमचं आणि कर्ज कुणाचं तरी दुसऱ्याचं, असा हिशेब त्या विणकरांनी काही मान्य केला नसता.

पातेलं आता रोजच्या वापरात आहे. आमटीला वेगळी चव येते असं आई म्हणते, मला काही कळत नाही. सुट्टीनंतर शाळेत लेकीला सहलीवर निबंध होता. लेणी, व्याज, कल्हई, सगळं लिहून झालं. मग वही घेऊन आली आणि विचारलं, "खापरपणजोबांचं लिहू का?"

मी आईकडे बघितलं. आई भाजी निवडत होती, नव्या विळीवर. मान वर न करता म्हणाली, "लिही. नावासकट लिही. पातेल्यावर आहे ना नाव?"